दुकानातल्या तीन कॉम्प्युटरवर फायरफॉक्स : दीड वर्षाचा अनुभव

विट्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दाराशी झेरॉक्स. सातबारा, शिष्यवृत्ती, पॅन, आधार, लोकांचं सगळं माझ्या ब्राउझरमधून जातं. दीड वर्षापूर्वी तिन्ही मशीनवर फायरफॉक्स हा ब्राउझर टाकला, त्याबद्दल लिहितोय.

निमित्त असं झालं. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला एक मुलगी बसली. युजरनेमच्या चौकटीत क्लिक केल्याबरोबर खाली आधीच्या पाच-सहा पोरांची नावं उघडली. एकावर बोट दाबलं की पासवर्डही आपोआप भरत होता. घाईत कुणीतरी ‘सेव्ह’ करत गेलं होतं आणि मी कधी बघितलंच नव्हतं. ती काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. त्या रात्री दुकान उशिरा बंद केलं.

फायरफॉक्समध्ये ‘पासवर्ड सेव्ह करू का’ हे विचारायचंच बंद केलं. ब्राउझर बंद करताना कुकी (म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या लॉगिनसारख्या खुणा) आणि हिस्टरी पुसायची सोय सेटिंगमध्येच आहे, ती चालू केली. आता गिऱ्हाईक उठलं की ब्राउझर बंद, पुढचं बसलं की नव्याने उघडायचा. ‘फक्त एचटीटीपीएस’ हा पर्यायही चालू आहे, म्हणजे साध्या, उघड्या जोडणीची साइट आली की तो आधी थांबवून विचारतो. पण पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर भुलू नका. ते फक्त मधल्या वाटेवर कुणी वाचत नाही एवढंच सांगतं, खोट्या साइटलाही ते कुलूप मिळतं. पत्ता वाचावाच लागतो. बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर यायला सांगितलं होतं, त्यामुळे तेवढं ओळखणं आता सोपं झालंय.

खरा फरक पडला तो यूब्लॉक ओरिजिन या ॲड-ऑनने, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या, जाहिराती अडवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने. रेमंड हिल नावाच्या माणसाने बनवलेला, फुकट, देणगीसुद्धा घेत नाही. नावाशी मिळतीजुळती दुसरी आहेत, ‘ओरिजिन’ हा शब्द बघूनच घ्या. क्रोममध्ये तो पूर्वीसारखा चालत नाही, त्याची ‘लाइट’ आवृत्ती वापरावी लागते. फायरफॉक्समध्ये मात्र पूर्ण चालतो, अँड्रॉइड फोनवरसुद्धा.

सातबाऱ्याचंच बघा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या सरकारी साइटवर १५ रुपयांत मिळतो. पण शोधायला गेलं की वर जाहिराती यायच्या, दिसायला अगदी सरकारी, आणि शेतकरी तिथेच नाव-नंबर भरून मोकळा व्हायचा. आता त्या जाहिराती दिसतच नाहीत, खरी साइट वर येते.

फोनचंही तसंच. आळसंदचे एक आजोबा आले, फोन सारखा ‘व्हायरस सापडला’ म्हणून ओरडत होता. व्हायरस काही नव्हता. कुठल्यातरी साइटला त्यांनी नोटिफिकेशनची परवानगी देऊन ठेवली होती. ती काढली, फायरफॉक्स आणि यूब्लॉक टाकून दिला, मेनू मराठीत केला. मराठी बघून आजोबांनी स्वतः चष्मा लावून सगळं वाचून काढलं.

तक्रारी आहेतच. एका सरकारी पोर्टलवर कॅपचा उमटत नाही, तेवढ्यासाठी दुसरा ब्राउझर ठेवावा लागतो. कधी यूब्लॉकमुळे पावतीची खिडकी अडते. मग त्याच्या चिन्हावर क्लिक करून मोठं बटण दाबायचं, त्या साइटपुरता तो बंद होतो.

आणि एक गोष्ट मला उशिरा कळली. कुकी पुसल्या तरी डाउनलोड फोल्डर जागच्या जागी राहतो. माझ्याकडे चारशेच्या वर फायली निघाल्या, त्यात ई-आधार कितीतरी. त्याचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. गावात कुणाला ठाऊक नसतं ते? आता शटर ओढायच्या आधी फोल्डर आणि रीसायकल बिन दोन्ही रिकामं करतो.

जवळपास कुणाला फोनवर हे बसवून हवं असेल तर दुपारी दोन ते चार या, गर्दी नसते. त्याचे पैसे घेत नाही.