जुना कॅमेरा दुकानदाराला द्यायचा की स्वतः ऑनलाइन विकायचा? माझा ठाण्यातला हिशोब

मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा) घेतला आणि घरी करार असा झाला की नौपाड्याच्या वन बीएचकेत कॅमेऱ्याला एकच कप्पा मिळणार, म्हणून मागच्या मे महिन्यात निकॉन डी७५०, लांबचं टिपणारी २००-५०० लेन्स, ५० एमएम, फ्लॅश असा सगळा गोतावळा विकायला काढला. त्या नादात दोन्ही रस्ते तुडवून झाले. आता कोणी विचारलं की दुकानात देऊ का स्वतः विकू, तर मी आधी विचारतो, बॉडी विकायचीय का लेन्स? सगळं एकाच ठिकाणी विकायला बघता तिथेच चुकतं.

बॉडीचं, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याचं, आधी सांगतो. बॉडी म्हणजे पालेभाजी, रोज शिळी होते. डी७५० आला २०१४ मध्ये, २०१८ ला निकॉननं मिररलेससाठी झेड माउंट (लेन्स बसवायची नवी जागा) काढला आणि तेव्हापासून डी७५० सारखी आरशावाली डीएसएलआर बॉडी विचारणारा माणूस कमीच होत चाललाय. मी ऑनलाइन ४२ हजार लिहिले. पहिल्या आठवड्यात ढीगभर मेसेज आले, त्यातले निम्मे "लास्ट प्राइस?" एवढेच, एकानं तर मोबाइल देतो, वरचे पैसे दे असं सांगितलं. शेवटी कल्याणचा एक मुलगा तलावपाळीला आला, पाऊण तास बघितला, शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झालेत तो आकडा, काढला (निकॉनमध्ये हे सोपं, ताजा काढलेला ओरिजिनल जेपीईजी तपासला की आकडा त्या फाइलमध्येच असतो), ६१ हजार निघाला. निकॉननं शटर दीड लाख क्लिकला टेस्ट केलेलं आहे हे सांगूनही तो ३४ च्या वर जाईना.

मग फोर्टला गेलो, बोराबाजारात, शनिवारी, कारण रविवारी तिथली बरीच दुकानं बंद. दुकानदार काकांनी कॅमेरा हातात घेतला आणि ऑन न करता आधी उलटा केला, ट्रायपॉडच्या भोकात टॉर्च मारला. मला वाटलं धूळ बघतायत. तर म्हणे काळा ठिपका आहे, बरंय. डी७५० च्या सुरुवातीच्या काही लॉटमध्ये फ्लेअरचा (समोरून उजेड आला की फोटोत विचित्र झळाळी येण्याचा) प्रॉब्लेम होता, निकॉननं तो फुकट दुरुस्त करून दिलेला, आणि तपासलेल्या कॅमेऱ्याची खूण म्हणजे तो ठिपका. इतकी वर्षं वापरून मला पत्ता नाही! ३० हजार म्हणाले, दुकानातूनच काही घेणार असाल तर ३२. मला नव्या झेड मिररलेसवर जुन्या लेन्स लावायला एफटीझेड ॲडॅप्टर हवाच होता, तो तिथेच घेतला आणि ३२ ला बॉडी देऊन टाकली. कल्याणवाल्यापेक्षा २ हजार कमी, पण ट्रान्सफर लगेच आणि महिन्याभरानं "सेन्सरवर डाग आहे" असा फोन येणार नाही. मला ते २ हजार पटले, तुम्हाला नसतील पटत.

लेन्सचं गणित वेगळं. त्याच काकांनी २००-५०० ला ४२ सांगितले. त्यांचीही बाजू आहे, भाडं, पुढच्याला वॉरंटी, आणि मुंबईच्या दमटपणात फंगसची, म्हणजे काचेवरच्या बुरशीची, भीती, माल किती दिवस पडून राहील माहीत नाही. पण इथे फरक २ हजारांचा नव्हता. ही लेन्स निकॉनवाल्या पक्षीवेड्यांना हवीच असते, एफटीझेडवर तिचा ऑटोफोकसही चालतो (बॉडीतल्या मोटरवर फोकस होणाऱ्या जुन्या स्क्रूवाल्या एएफ-डी लेन्सचा चालत नाही, त्या असतील तर भाव पडणार हे धरून चाला). आणि असे पक्षीवेडे ऐरोली-नेरूळला शेकड्यानं आहेत, फक्त पावसाळ्यात ते सगळे घरी असतात. म्हणून लेन्स ड्राय कॅबिनेटमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटात) ४५ टक्के आर्द्रतेवर ठेवली आणि फ्लेमिंगो आल्यावर जानेवारीत ॲड टाकली. तीन दिवसांत नेरूळचे एक रिटायर्ड काका तयार झाले. ट्रान्सहार्बर लोकलनं गेलो, डीपीएस तलावाशी भेटलो, त्यांनी स्वतःची बॉडी लावून ५०० ला (पूर्ण झूम), फुल ओपन (ॲपर्चर पूर्ण उघडं), काठावरच्या फ्लेमिंगोचे वीसेक फोटो काढले, स्क्रीनवर डोळ्यापर्यंत झूम केलं, मग लेन्स काढून मागून टॉर्च मारून काच बघितली. "बिल आहे ना?" होतं. बॉक्सही होता. ५८ हजारांत सौदा झाला, १६ हजार जास्त. सहा महिने थांबायची तयारी नसेल तर अर्थात हे जमणार नाही.

आता ऑनलाइनचा त्रासदायक भाग. ५० एमएमच्या ॲडवर एकजण भाव न करता तयार झाला, मी फौजी आहे, पोस्टिंग बाहेर आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील. भाव न करणारा मराठी माणूस, तिथेच संशय यायला हवा होता, पण बायकोनं फोन हिसकावला म्हणून वाचलो. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपलेच जातात. चुकून गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. आणि कोणी पेमेंटचा स्क्रीनशॉट दाखवला तर तो बघूच नका, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये बॅलन्स दिसल्यावरच वस्तू हातात द्यायची. घरचा पत्ता द्यायचा नाही, स्टेशन किंवा मॉल, दिवसाउजेडी.

बाकी फ्लॅश, बॅटऱ्या, बॅगा यांचे दुकानात जवळजवळ शून्य पैसे धरतात, ते घासाघीस करताना फुकट वर द्यायला ठेवा, मी ५० एमएमबरोबर फ्लॅश दिला तर ती दोन दिवसांत गेली. फंगस लागलेली लेन्स असेल तर मात्र सरळ दुकानात न्या आणि आधीच सांगा, ऑनलाइन लपवून विकली तर लोक घरापर्यंत येतात, माझ्या मित्राकडे कोपरीत आलेले.

माझी आणखी एक लेन्स, २४-१२०, अजून विकलेली नाही. दुकानात १४ सांगितले, ऑनलाइन २० पर्यंत जाईल, पण एफटीझेड घेतलाय ना, तर रविवारी येऊरच्या जंगलात तीच लावून जातो.