दुकानासाठी कार्ड मशीन: बँकेचं, कंपनीचं की नुसता क्यूआर?

नवीन दुकान टाकणारे किंवा जुनं मशीन बदलायच्या विचारात असलेले ओळखीतले बरेच जण एवढ्यात हेच विचारतायत, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. माझं सदाशिव पेठेत चष्म्याचं दुकान आहे, बिलं आठशेपासून ते प्रोग्रेसिव्ह लेन्स असेल तर वीस-बावीस हजारांपर्यंत, आणि आमच्या धंद्यात अर्धे पैसे ऑर्डर देताना, उरलेले चष्मा न्यायला आल्यावर. हे आधीच सांगतोय कारण पुढचं सगळं या अ‍ॅडव्हान्स-बॅलन्सच्या भानगडीतून बघून लिहिलंय, तुमचं वडापावचं किंवा सोन्याचं दुकान असेल तर गणित वेगळं निघू शकतं.

पर्याय तेच तीन. जिथे करंट अकाउंट आहे त्या बँकेचं पीओएस मशीन, नाहीतर पेमेंट कंपनीचं टचस्क्रीनवालं अँड्रॉइड मशीन, नाहीतर मशीनच नको, क्यूआर आणि साउंडबॉक्स बास. मी तिन्ही वापरलेत, त्यातली दोन मशीनं काही काळ शेजारी-शेजारी काउंटरवर होती, त्यामुळे ऐकीव फारसं काही नाही.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एमडीआरचा, म्हणजे टक्का किती कापणार. खरं सांगायचं तर यात घासाघीस करायला वाटते तेवढी जागा नाही. डेबिट कार्डाचं रिझर्व्ह बँकेनं २०१८ पासून बांधून दिलंय, वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही, उलाढाल त्याहून मोठी असेल तर ०.९० टक्के आणि १,००० रुपयांची मर्यादा. रुपे डेबिट आणि यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून शून्य. त्यामुळे गळ्यात आयकार्ड लटकवलेला मुलगा येऊन "काका, रुपे डेबिट तुम्हाला झिरो करून देतो" म्हणाला तर त्यात त्याचे उपकार काही नाहीत, ते सगळ्यांनाच झिरो आहे. घासाघीस होते ती क्रेडिट कार्डावर. तिथे वरची मर्यादा नाही, मला दीडपासून सव्वादोनपर्यंत सगळे आकडे ऐकवून झालेत. पण त्यातही मोठा वाटा जातो गिऱ्हाईकाचं कार्ड ज्या बँकेनं दिलंय तिच्याकडे, थोडा व्हिसा-मास्टरकार्डसारख्या नेटवर्ककडे, आणि उरलेल्या चिमूटभरातच तुम्हाला मशीन देणारा सूट देणार. म्हणून शेवटी बँक आणि कंपनी दोघं जवळपास एकाच आकड्याला येऊन थांबतात, निदान माझ्या बाबतीत तरी तसंच झालं. फक्त कोटेशनमध्ये क्रेडिटची एकच ओळ असेल तर प्रीमियम, कॉर्पोरेट आणि परदेशी कार्डाचे रेट वेगळे लिहून मागा, तिथे दणका बसतो.

आणि हा टक्का गिऱ्हाईकाकडून वसूल करायचं डोक्यात असेल तर ते काढून टाका. "कार्ड असेल तर दोन टक्के एक्स्ट्रा" अशा पाट्या अजून दिसतात पण डेबिटवर तर तसं घेताच येत नाही, आणि गिऱ्हाईकानं बँकेत तक्रार केली की मशीन देणारा आधी तुम्हालाच फोन करतो.

भाड्याचं थोडक्यात सांगतो. "झिरो रेंटल" म्हणजे महिन्याला अमुक एवढा व्यवहार झालाच पाहिजे, नाही झाला तर भाडं लागू, असं बहुतेक ठिकाणी असतं. पितृपक्षात धंदा मंदावतो तेव्हा कळतं.

आता क्यूआर. नुसत्या क्यूआरवर दुकान चालतं का, तर हो, पुण्यात आता बऱ्यापैकी चालतं. साउंडबॉक्स मराठीत ओरडतो, खोटा स्क्रीनशॉट दाखवून जाणाऱ्यांचा प्रश्न मिटला, महिन्याचं भाडंही फार नाही. माझ्याकडे निम्म्याहून जास्त बिलं याच्यावरच होतात असा माझा अंदाज आहे. दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे छापील क्यूआरवर रक्कम गिऱ्हाईक स्वतः टाकतं, १,२५० च्या जागी १,२०५ टाकलं की साउंडबॉक्स प्रामाणिकपणे १,२०५ ओरडतो आणि गर्दीत आपल्या लक्षात येत नाही. दुसरं, पैसे कोणत्या बिलाचे याचा काही पत्ता नसतो, गिऱ्हाईकाच्या मुलानं बंगळुरूहून पाठवले की नाव भलतंच येतं. आणि हो, रुपेचं क्रेडिट कार्ड आता यूपीआयला जोडता येतं, ते छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत फुकट, वरच्या रकमेला क्रेडिट कार्डासारखाच चार्ज लागतो. म्हणजे "क्यूआर म्हणजे कायम फुकट" हे आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. पण बावीस हजारांच्या लेन्सला माणूस कार्डच काढतो, त्याला पॉइंट हवे असतात, चाळीस-पन्नास दिवसांची उधारी हवी असते, त्यामुळे माझं मशीनशिवाय भागत नाही.

मग मशीन कुणाचं. कंपनीच्या मशीनचं आधी चांगलं सांगतो कारण चांगलं बरंच आहे. दिसायला झकास, रक्कम टाकली की स्क्रीनवर त्याच रकमेचा क्यूआर येतो म्हणजे ते १,२०५ वालं लफडंच नाही, कार्ड, टॅप, यूपीआय सगळं एका जागी. ईएमआय मशीनवरच होतो, गिऱ्हाईकाला सहा महिन्यांचा हप्ता किती ते तिथल्या तिथे दिसतं, यामुळे माझे एक-दोन महागडे चष्मे नक्की विकले गेलेत. बिघडलं तर माणूस लगेच दुसरं मशीन घेऊन हजर. बँकेकडे याच्या उलट, मशीन जुनाट, बटणांवरचे आकडे पुसलेले, कागदाचा रोल संपला तर सर्व्हिसवाल्याला फोन करा, तो म्हणणार ब्रँचमध्ये मेल टाका, ब्रँच म्हणणार आमच्याकडे येत नाही हे, हेड ऑफिसला. मी रोल शेवटी रविवार पेठेतून स्वतःच आणायला लागलो. तर वापरायच्या सोयीत कंपनी सरळ पुढे आहे, यात वाद नाही.

आणि तरीही माझ्या काउंटरवर आज बँकेचंच मशीन आहे, त्याचं कारण सेटलमेंट, म्हणजे कार्डाचे पैसे आपल्या खात्यात जमा होणं.

सेटलमेंट कधी येतं हे सगळे विचारतात, टी प्लस वन म्हणजे दुसऱ्या दिवशी, ते दोघांचंही साधारण तसंच. कसं येतं हे कुणी विचारत नाही. प्रकार दोन, ग्रॉस आणि नेट. ग्रॉस म्हणजे जेवढ्याची कार्डं घासली तेवढे पूर्ण पैसे खात्यात, आणि चार्जेस महिन्याच्या शेवटी एकदम वेगळे कापले जातात. नेट म्हणजे रोजच्या रोज टक्का कापून उरलेले पैसे एका रकमेत जमा. माझ्याकडे होतं त्या कंपनीचं नेट होतं.

आता बघा काय होतं. समजा दिवसभरात तीन कार्डं चालली, क्रेडिट ४,२००, डेबिट १,५००, क्रेडिट ११,८००, एकूण १७,५००. क्रेडिटला १.८ टक्के धरा. ४,२०० वर ७५.६० गेले, त्यावर १८ टक्के जीएसटी १३.६१. डेबिटचे ०.९० टक्क्यानं १३.५०, आणि इथे जीएसटी नाही कारण २,००० पर्यंतच्या कार्ड व्यवहाराच्या चार्जवर तो माफ आहे. ११,८०० वर २१२.४० आणि जीएसटी ३८.२३. त्यात त्याच दिवशी भाड्याची तारीख असली की ४९९ अधिक जीएसटी म्हणजे ५८८.८२ त्यातूनच वळते. सकाळी खात्यात काय दिसतं, १६,५५७.८४. एक ओळ, पुढे लांबलचक नंबर, संपलं.

दुकानाचा हिशोब आमच्या सौ. बघतात. त्यांच्या वहीत ४,२०० कुणाचा अ‍ॅडव्हान्स, ११,८०० कुणाचा बॅलन्स हे नावानिशी लिहिलेलं, आणि पासबुकात १६,५५७.८४. "हे चौऱ्याऐंशी पैसे कुठून आले?" हा प्रश्न आमच्या घरात जेवताना इतक्यांदा विचारला गेलाय की शेवटी मुलगी पण विचारायला लागली. कंपनीच्या डॅशबोर्डवर रिपोर्ट असतो, नाही असं नाही, एक्सेलमध्ये उतरवता येतो. पण तो ट्रान्झॅक्शन आयडीनं लागतो, बिल नंबरनं नाही. त्यांचा दिवस आपल्या शटरबरोबर संपत नाही, कट-ऑफनंतरचं, म्हणजे त्यांनी दिवस संपल्याचं धरलेल्या वेळेनंतरचं, कार्ड पुढच्या गठ्ठ्यात जातं. कुणाला रिफंड दिला की तोही पुढच्याच गठ्ठ्यातून वजा होतो. म्हणजे मंगळवारी आलेल्या पैशात सोमवारची विक्री, रविवारी रात्रीचं एक कार्ड, शनिवारच्या फ्रेमचा रिफंड आणि महिन्याचं भाडं, सगळी मिसळ. आणि एखादं कार्ड खरंच राहून गेलं असेल तर ते या आकड्यात सापडणार कसं? दिवाळीच्या आठवड्यात तर आम्ही जुळवणं सोडूनच दिलं होतं.

वर सीए ओरडले ते वेगळंच. विक्री पुस्तकात १७,५०० च दाखवायला लागते, कापलेला टक्का हा खर्च, आणि त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट घ्यायचं तर टॅक्स इन्व्हॉइस लागतं. ते म्हणाले, मला हे नेटचे आकडे आणून देऊ नका. बरोबरच आहे त्यांचं.

बँकेच्या मशीनवर रात्री डे-एंड मारलं की बॅच, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांचा गठ्ठा, बंद होते, स्लिप निघते, टोटल १७,५००. दुसऱ्या दिवशी खात्यात १७,५००. स्लिप वहीला स्टेपल केली की सौ. मोकळ्या. महिन्याच्या शेवटी चार्जेसचं एक डेबिट आणि त्याचं एक इन्व्हॉइस. डे-एंड मारायचं राहिलं तर बॅच आपोआप सेटल होते खरी, पण काही जुन्या मशीनवर होत नाही आणि मग पैसे तिथेच अडकून बसतात, तेवढं मशीन घेताना विचारा. आता हे सगळ्याच बँका ग्रॉस देतात आणि सगळ्याच कंपन्या नेट असं मी म्हणत नाही, काही कंपन्या मागितलं तर ग्रॉस देतात असंही ऐकलंय. मला आलेला अनुभव मी सांगतोय.

बाकी फरक किरकोळ. रद्द करायचं तर त्याच दिवशी, बॅच बंद व्हायच्या आत व्हॉइड करा, मग विषय तिथेच मिटतो, नंतर केलं तर रिफंड होतो, गिऱ्हाईकाला पाच-सात दिवस लागतात, आणि आपला कापलेला टक्का बहुतेक वेळा परत येत नाही. दोन्ही मशीनवर हेच. ५,००० पर्यंत टॅपला पिन लागत नाही, गर्दीत बरं पडतं, पण मोठ्या रकमेला पिन टाकलेला असला की "मी हे कार्ड वापरलंच नाही" म्हणून येणाऱ्या चार्जबॅकला, म्हणजे गिऱ्हाईकानं बँकेमार्फत पैसे परत मागण्याला, आपली बाजू भक्कम असते. चार्जबॅक आला की चार्जस्लिप मागतात, आणि थर्मल कागद आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात काही महिन्यांत कोरा होतो, म्हणून मोठ्या बिलाच्या स्लिपचा फोटो काढून ठेवा. पैसे कापले पण मशीनवर फेल दाखवलं तर गिऱ्हाईकाशी भांडू नका, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ते पाच दिवसांत आपोआप परत जायला हवेत, नाहीतर उशिराचे रोज १०० रुपये त्याला मिळतात. हे शांतपणे सांगितलं की ऐकतात लोक.

पेठेत दुकान असेल तर एक वेगळी सूचना. गणपतीच्या शेवटच्या दिवसांत लक्ष्मी रोडच्या आसपास मोबाइलचं नेटवर्क इतकं बसतं की सिमवर चालणारं काहीच धड चालत नाही, मशीनही नाही आणि साउंडबॉक्सही नाही. वायफायवर चालणारं मशीन घ्या, ब्रॉडबँड असेल तर. माझं बँकेचं मशीन जुनाट असलं तरी वायफाय घेतं, हे नशीब.

तर मला विचाराल तर अ‍ॅडव्हान्स-बॅलन्सचा धंदा असेल, म्हणजे चष्मे, टेलरिंग, फर्निचर, आणि हिशोब घरातलंच कुणी बघत असेल, तर बँकेचं मशीन आणि त्याच बँकेचा क्यूआर, गैरसोय धरून. मोबाइल किंवा फ्रीजचं दुकान असेल, निम्मी विक्री ईएमआयवर आणि हिशोबाला पगारी माणूस असेल, तर कंपनीचं मशीन कदाचित जास्त फायद्याचं, तुमचा माणूस एक्सेल जुळवेल. तुळशीबागेत स्टॉल असेल तर मशीनच्या नादाला लागूच नका, तिथे दोनशे-चारशेच्या बिलाला कोण कार्ड काढतंय. कॅम्पात किंवा कोरेगाव पार्कात परदेशी गिऱ्हाईक येत असेल तर परदेशी कार्डाचा रेट बघूनच ठरवा.

आणि सही करायच्या आधी त्या आयकार्डवाल्या मुलाला टक्क्याच्या आधी हे विचारा की सेटलमेंट ग्रॉस की नेट, आणि एका दिवसाच्या सेटलमेंट रिपोर्टचा नमुना मागा. "सर, अ‍ॅपमध्ये सगळं दिसतं" असं म्हणाला तर अ‍ॅप तिथेच उघडायला लावा. भाडं रोजच्या पैशातून कापणार की वेगळं डेबिट टाकणार, तेही त्याच कागदावर त्याच्याकडून लिहून घ्या.