दहाच्या नाण्यातला तिरका सिंह ‘मिंट एरर’ नसतो

बाहेरच्या कडीवरचा ‘भारत’ सरळ धरला की मधला सिंह तिरका किंवा पार उलटा दिसतो, असं दहा रुपयांचं नाणं ‘दुर्मीळ एरर’ (टाकसाळीत छापताना झालेली चूक) म्हणून हजारांत विकलं जातं. घेणारा पुढे ते जाणत्या व्यापाऱ्याला दाखवतो, तेव्हा त्याची किंमत दहाच रुपये निघते.

टाकसाळीत बाहेरची कोरी कडी आणि मधली कोरी चकती एकत्र ठेवून एकाच ठोक्यात छापतात आणि त्याच ठोक्याने चकती कडीत घट्ट बसते. साचा एकच असल्यामुळे सिंह आणि कडीवरची अक्षरं यांच्यातला कोन बदलूच शकत नाही. म्हणजे चकती नंतर ठोकून काढली, फिरवली आणि पुन्हा दाबली. दहापट भिंगातून सांधा बघा: खरवडल्याची ताजी चमक, बारीक फट, कधी चिकटद्रव्याची रेघ दिसते. खऱ्या चुकीत चकती एका बाजूला सरकलेली असते, पण छाप सांधा ओलांडून अखंड जातो.

‘लखी’तही असाच खेळ चालतो. खऱ्या लखीत एका बाजूला नेहमीचा छाप असतो आणि दुसऱ्या बाजूला तोच छाप उलटा व खोलगट. नकली करणारे दोन नाणी वाईसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) दाबतात. मग खोलगट अक्षरांखाली मूळ छापाचे अवशेष राहतात आणि मागची बाजू चेपटते.

दोन्हीकडे सिंह असलेलं नाणं बहुतेक वेळा लेथवर कोरून, आत दुसऱ्याची पातळ चकती बसवून केलेलं असतं. काठाच्या आतल्या कडेला गोल रेघ सापडते, आवाज बद्द येतो, वजनही चुकतं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा जवळ ठेवा: २०११च्या मालिकेतलं दहाचं नाणं ७.७१ ग्रॅम, पाचाचं ६, दोनाचं ४.८५ आणि एकाचं ३.७९. झिजेमुळे किंचित फरक पडतो, अर्ध्या ग्रॅमचा नाही.

साचा फिरल्याची, म्हणजे एका बाजूचा छाप दुसरीच्या मानाने तिरका आल्याची चूक दाखवताना विक्रेता नाणं वरून खाली उलटतो. आपली नाणी पुस्तकाचं पान उलटावं तशी डावीकडून उजवीकडे फिरवायची. तेव्हा दोन्ही बाजू उभ्या दिसल्या तर चूक नाहीच. पाच-दहा अंशांच्या फरकाला कोणी जादा पैसे देत नाही.

केंद्र सरकलेल्या नाण्याला खरी किंमत येते, पण छाप किती सरकला आणि साल व टाकसाळीची खूण वाचता येते का, यावर ती ठरते. मुंबईची खूण पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका. कोलकात्याला खूणच नाही, त्यामुळे ‘खूण गायब’ हा एरर नव्हे. जाहिरातीतली मागणी म्हणजे भाव नव्हे, लिलावात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम बघा. वैष्णोदेवीचं २०१२चं नाणं लाखांत जातं ही निव्वळ थाप आहे.

‘तुमचं नाणं घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असा फोन आला तर तिथेच थांबा. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात नाही आणि कमिशनही मागत नाही, हे तिने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर केलं आहे. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक, विक्रेत्याने पाठवलेले फोटो जपून ठेवा.