टच गेलेला नाही, टॉकबॅक सुरू आहे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मला दिसत नाही, म्हणून माझ्या फोनवर टॉकबॅक चालू असतो: बोटाखाली जे येईल ते तो बोलून सांगतो. गेल्या मंगळवारी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात फोन दाखवायला गेले. चार्जिंगची पिन हलवत धरल्याशिवाय चार्ज होत नव्हतं. पोरानं फोन घेतला, पाच मिनिटं खटपट केली आणि म्हणाला, "मावशी, टच गेलाय ओ. दाबलं तरी काय उघडंना, नुसता बडबडतोय. डिस्प्ले बदलावा लागणार. २८०० होतील."

आठ महिन्यांचा फोन. त्याच सकाळी मी त्यावर चार मेसेज पाठवले होते. मी म्हटलं, "बाळा, टच चांगला आहे. टॉकबॅक चालू आहे. एकदा बोट लाव, तो काय म्हणतो ते ऐक, मग स्क्रीनवर कुठंही दोनदा टिचक." त्यानं तसं केलं, सेटिंग उघडलं. "आता दोन बोटांनी सरकव." सरकलं. मग ब्रशनं खोबणीतला कचरा काढला आणि चार्जिंग सुरू झालं. ५० रुपये झाले. नोट ५० चीच आहे ना, हे मी रिझर्व्ह बँकेच्या नोट ओळखून सांगणाऱ्या मनी ॲपवर तिथंच तपासलं. ते २०२० पासून आहे आणि त्याला नेट लागत नाही. ज्यांना अजून माहीत नाही त्यांनी आजच घ्या.

५० च्या कामाला २८००! फोन नवीन असता, हात बसलेला नसता, तर मी पैसे मोजून आले असते. त्या रागातच हे लिहायला बसलेय.

टॉकबॅकच्या जेस्चरची, म्हणजे बोटांच्या खुणांची, यादी तुम्हाला पाठ असेल, ती देत नाही. मी जिथं अडले तेवढंच सांगते.

मला जन्मापासून दिसत नाही. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त. इतकी वर्षं बटणांचा फोन वापरला. ५ वरच्या उंच ठिपक्यावर बोट टेकलं की बाकीचे आकडे आपोआप हाताखाली यायचे. काचेवर तसला ठिपका कुठं? तरीही उजवीकडे-डावीकडे सरकवणं आणि दोनदा टिचकणं एका दुपारी जमलं. फक्त एक कळायला आठवडा गेला: टिचक्या त्याच जागेवर मारायची गरज नाही. वस्तूचं नाव ऐकलं की बोट उचलायचं आणि काचेवर कुठंही दोनदा टिचकायचं. मी तीच जागा परत शोधत बसायचे.

खरी अडचण ‘मागे’, म्हणजे आधीच्या पानावर, जाण्याची. बोट खाली आणि लगेच डावीकडे सरकवायचं, काटकोनात. दोन महिने, अक्षरशः दोन महिने, हे माझ्या हातून दहापैकी सात वेळा चुकायचं. कधी नुसतं ‘खाली’ धरलं जायचं आणि तो भलतीकडेच उडी मारायचा, कधी नुसतं ‘डावीकडे’ धरलं जायचं. एकदा लाइट बिलाच्या पानावर अडकले ते बाहेरच पडता येईना, शेवटी फोन बंद करून ठेवला आणि रडले. भाची घरी आली की म्हणायची, "आत्या, बरोबर तर करतेयस!" तिला रेघ बरोबर दिसत होती. चूक वेगात होती, आणि ती तिच्या डोळ्यांना कळत नव्हती.

कारण सापडलं ते मैत्रिणीमुळं. तिलाही दिसत नाही. ती फोनवर म्हणाली, "तू ब्रेल वाचल्यासारखं बोट फिरवतेस." अगदी खरं. ब्रेलवर बोट सावकाश, हलकं चालतं. पन्नास वर्षांची सवय. आणि सावकाश फिरणारं बोट म्हणजे टॉकबॅकच्या लेखी चाचपडून शोधणारं बोट. वाटेत जे लागेल ते तो वाचत जातो. मग तिनं रिसीव्हरजवळ फोनचं रिकामं खोकं धरलं आणि नखानं काटकोन मारून ऐकवला. दोन आवाज नाहीत. ‘स्सट्’ असा एकच. माझ्या खोक्यावर मी मारला तर ‘सर्र… सर्र’ असे दोन! तिथं माझी चूक माझ्या कानांना कळली. चार दिवस खोक्यावर सराव केला, परातीच्या कडेचं पीठ झटकावं तसा. एकच आवाज येऊ लागला, आणि ‘मागे’ जाऊ लागले.

मध्यंतरी मी सेटिंगमध्ये जाऊन ‘मागे’ हे काम तीन बोटांच्या दोन टिचक्यांना दिलं होतं. तेव्हा हे लिहिलं असतं तर सगळ्यांना तेच करा म्हणून सांगितलं असतं. आता नाही सांगणार. मैत्रिणीचा फोन हातात घेतला तेव्हा मला पुन्हा मागे जाता येईना. मूळचंच शिका, हात सगळीकडे चालतो.

केएमटीच्या बसमध्ये शेजारचे डोकावतात म्हणून स्क्रीन लपवून ठेवते. फोन काळा, कानात इअरफोन, माझं काम चालू. हे सुख मला बटणांच्या फोनवर नव्हतं.

इंग्रजी लिहायला टॉकबॅकचा ब्रेल कीबोर्ड मिळाला त्या दिवशी मी रात्री दीडपर्यंत जागी होते. फोन आडवा, काच समोरच्याकडं, दोन्ही हातांची तीन-तीन बोटं, सहा ठिपके. ज्या बोटांनी दोन महिने त्रास दिला तीच इथं धावली.

पण सगळा सराव एका ठिकाणी वाया जातो. माझ्या बँकेच्या ॲपमध्ये पाच बटणांवर बोट गेलं की फोन नुसतं ‘बटण’ एवढंच म्हणतो. केवायसीत, म्हणजे ओळख पटवताना, चेहरा गोलात ठेवून पापण्या मिटा म्हणतात. गोल कुठं आहे ते सांगत नाहीत. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि ई-केवायसी आपल्याला करता यावं म्हणून निर्देश दिले. मी तारीख घालून बँकेला लेखी तक्रार दिलीय. तुम्हीही द्या, तोंडी सांगू नका.

आणि फोन दुरुस्तीला देताना आता मी दोन्ही आवाजाची बटणं तीन सेकंद दाबून टॉकबॅक बंद करून देते. परत हातात आला की तीच बटणं दाबते. बोलू लागला की मगच पैसे काढते.