मुंबई मॅरेथॉनची ड्रीम रन : घरच्यांना घेऊन पळायचं असेल तर

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारच्या टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये सगळ्यात जास्त गर्दी ड्रीम रनला असते. अंतर जेमतेम ६ किलोमीटर. वेळ मोजणारी चिप नाही, नंबर काढत नाहीत. आईला, सासऱ्यांना किंवा कॉलेजातल्या भाच्याला सोबत घ्यायला ही बरी, पण पळण्याच्या हौसेने नाव नोंदवलंत तर चिडचिड होणार. टायमिंग हवं असेल तर सरळ दहा किलोमीटरची ओपन १०के घ्या. सोबतचं माणूस साठीच्या पुढचं असेल, तर ज्येष्ठ नागरिकांची वेगळी, चारेक किलोमीटरची दौड असते. गुडघे कुरकुरत असतील तर तीच बरी.

नोंदणीआधी एक हिशेब समजून घ्या. प्रवेश शुल्क म्हणजे देणगी नव्हे. एखाद्या सामाजिक संस्थेला पैसे जावेत असं वाटत असेल, तर त्या संस्थेमार्फत चॅरिटी बिब (बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबरचा कागद) घ्या किंवा वेगळी देणगी द्या. या स्पर्धेतल्या संस्थांचं काम युनायटेड वे मुंबई पाहते. चॅरिटी बिबच्या पैशांतली किती रक्कम देणगी धरली जाईल आणि आयकर वजावटीसाठी ८०जीची पावती कितीची मिळेल, हे आधीच विचारून घ्या. ही वजावट जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, म्हणून पैसे ऑनलाइनच भरा. बिब आदल्या दिवसांत बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) एक्स्पोमधून आणावं लागतं. शनिवारी दुपारी तिथे प्रचंड रांग असते, शक्य असेल तर आधीच्या दिवशी जा. बिबच्या मागच्या बाजूला रक्तगट आणि अडचणीत लावायचा फोन नंबर लिहा. तिथे स्वतःच्या जोडीदाराचा नंबर देऊ नका, तो तर तुमच्याबरोबरच धावत असणार. घरी थांबलेल्या कुणाचा तरी द्या.

ड्रीम रन इतर शर्यती सुटल्यावर, सकाळी आठच्या सुमारास सीएसएमटीसमोरून निघते, आणि खरा त्रास इथेच आहे. वीसेक हजार माणसं एकाच तोंडातून बाहेर पडतात. पुढचे गट बॅनर धरून फोटोला थांबतात, की मागे दाटी होते. ते हलले की सगळे एकदम पळतात आणि वीस पावलांवर पुन्हा अडकतात. संध्याकाळी सहाच्या दादरच्या पुलासारखं. टाचेवर टाच पडते ती याच वेळी. म्हणून पुढे घुसण्याची धडपड करू नका, उलट मुद्दाम मागे राहा. दहा-पंधरा मिनिटं उशिरा निघाल, पण पाय टाकायला जागा मिळेल. लेसची दुहेरी गाठ मारून तिचे फासे आत खोचा. गर्दीत बूट बांधायला वाकलेला माणूस मागच्यांना दिसत नाही.

जोडीने पळायची रीतही ठरवून ठेवा. हळू चालणारा अर्धं पाऊल पुढे, वेगवान माणूस त्याच्या मागे, रस्त्याच्या मधल्या बाजूला. वेग पुढचा ठरवतो आणि मागून येणारे धक्के दुसरा झेलतो. हात धरून चालू नका. मधून वाट काढणारा त्या हातांवरच आदळतो आणि दोघंही कलंडतात. दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं हा क्रम बहुतेकांना झेपतो, पण चालायला लागण्याआधी कडेला या. पाण्याच्या टेबलांपैकी पहिल्यावर झुंबड असते, शेवटचं मोकळं असतं. पुढच्या काही पावलांत रिकाम्या बाटल्या आणि झाकणं पसरलेली असतात. घोटे तिथेच मुरगळतात, नजर खाली ठेवा.

मरीन ड्राइव्हवर मात्र रस्ता रुंद होतो, वारा लागतो, आणि थोडंफार पळता येतं. ढोल, वेशभूषा, बघ्यांच्या टाळ्या यांची मजा घ्यायची तर इथेच. ऊनही इथेच लागतं, टोपी हवीच. सुती टी-शर्ट घामाने जड होऊन काखेत काचतो. घाम लवकर सुकणारा ड्राय-फिट घाला आणि काचणाऱ्या जागी व्हॅसलीन लावा. दम्याचा पंप बॅगेत नको, खिशात हवा, कारण जानेवारीची हवा मुंबईत फारशी चांगली नसते. निघण्याआधी एक केळं, दोन खजूर पुरे. शौचालय घरून किंवा स्टेशनवर उरकून या, आतल्या रांगेत अर्धा तास सहज मोडतो.

फोनवर विसंबून राहू नका, गर्दीत नेटवर्क बसतं. चुकामूक झालीच तर भेटायची जागा आदल्या रात्रीच ठरवा, आणि ती बॅरिकेडच्या बाहेरची हवी. ‘फिनिशला भेटू’ म्हणणं निरर्थक, तिथे कुणाला थांबू देत नाहीत. चर्चगेटचं ईरॉस थिएटर सोयीचं.

परतताना टॅक्सी शोधू नका, रस्ते बंद असतात. पश्चिम रेल्वेवाल्यांनी चालत चर्चगेट गाठावं. मध्य आणि हार्बरवाल्यांनी रविवारचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद ठेवण्याची वेळ) आधी पाहावा. तो बहुधा अकराच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे नाश्ता करून निवांत निघण्यापेक्षा आधी गाडी पकडावी आणि वडापाव आपापल्या स्टेशनबाहेर खावा. ड्रीम रनला माझे गुण पाचपैकी साडेतीन, कापलेले दीड गुण सुरुवातीच्या रेटारेटीचे.