शिबिरात रॉकेट उडवायचं: मोटरचं की पाण्याचं?

उन्हाळी शिबिरात रॉकेट ठेवायचं एकदा ठरलं की पुढचा प्रश्न एकच असतो. विकतची घन इंधनाची मोटर लावून उडणारं पुठ्ठ्याचं रॉकेट घ्यायचं, की कोल्ड्रिंकच्या बाटलीचं पाण्याचं? मी दोन्ही घेतली आहेत. अमेरिकेत होतो तेव्हा चार उन्हाळे तिथल्या मराठी मुलांच्या शिबिरात मोटरची उडवली. परत आल्यापासून दर मे महिन्यात सातारा जिल्ह्यातल्या एका मैदानावर पाण्याची उडवतो. मोजमापाच्या वह्या ठेवलेल्या नाहीत. इथे लिहितोय ते मैदानात उभं राहून पाहिलेलं.

देखणेपणात मोटरला तोड नाही. ए८-३ नावाची मोटर म्हणजे जेमतेम बोटाएवढी नळी, पण बटण दाबलं की नजर पोचायच्या आत रॉकेट वर गेलेलं असतं आणि मागे पांढऱ्या धुराची रेघ राहते. जोर संपल्यावर तीनेक सेकंदांनी टोक सुटतं आणि पॅराशूट उमलतं. त्या क्षणी मुलं जी ओरडतात, ते ऐकण्यासारखं असतं. शिवाय मोठ्या रॉकेटांशी तिचं नातं सरळ आहे. २१ नोव्हेंबर १९६३ला केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट गेलं, ते अमेरिकन बनावटीचं नायकी-अपाची, आणि त्याचे दोन्ही टप्पे घन इंधनाचेच होते. ही गोष्ट सांगून मोटर दाखवली की मुलांना जोडणी आपोआप कळते. पाण्याच्या रॉकेटात जळत काहीच नाही, तिथे सांगणाऱ्याला जास्त कष्ट पडतात.

माझं मन फिरलं ते मोटर पेटवणाऱ्या इग्नायटरमुळे. बारीक तार, मोटरच्या तोंडात आतल्या दारूला टेकेपर्यंत सरकवायची आणि वरून छोटं प्लास्टिकचं बूच दाबायचं. बूच बसवताना तार केसभर जरी मागे सरली तरी पेट घेत नाही. एका वर्षी दहा वर्षांच्या एका मुलीची पाळी होती. तिने पंखांवर दोन दिवस घालवले होते, कडा घासून एकसारख्या केल्या होत्या. तीस मुलांनी मोठ्याने उलटे आकडे मोजले, तिने बटण दाबलं, आणि काही नाही. नियम असा की बॅटरी तोडायची, एक मिनिट थांबायचं आणि मगच मोठ्या माणसाने जवळ जायचं. नियम योग्यच आहे, त्यात सूट नको. पण दुसऱ्यांदाही तेच झालं. तिने मला विचारलं, "काका, माझं काय चुकलं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं, आणि जे चुकलं होतं त्याला तिला हात लावता येत नव्हता. पंधरा फुटांवर ती उभी आणि तिच्या रॉकेटशी खटपट करणारा मी. त्या चार उन्हाळ्यांत असं इतक्यांदा झालं, की बिघाड झाला की मुलं माझ्याकडे बघतात, रॉकेटकडे नाही, हे माझ्या लक्षात आलं.

पाण्याच्या रॉकेटात बाटलीत थोडं पाणी घालायचं, बुचातल्या व्हॉल्व्हमधून पंपाने हवा भरायची आणि लांबून दोरी ओढायची, की दाबाने पाणी खाली फेकत बाटली वर जाते. त्यातही बिघाड होतात, उलट जास्तच. पण ते मुलांच्या हातातले असतात. गेल्या वर्षी एका मुलाची बाटली पंधरा पौंडांपुढे जाईना. (हवेच्या दाबाबद्दल आमच्याकडे सगळे पंक्चरवाल्याच्याच भाषेत पौंडात बोलतात.) मी काही सांगायच्या आत त्याने आमच्या नियमाप्रमाणे हवा सोडली, बाटली काढली, बुचाभोवती साबणाचं पाणी लावलं आणि पुन्हा थोडीच हवा भरून लांबूनच बघत बसला. व्हॉल्व्हच्या एका बाजूने फेस आला. "काका, इथून जातेय!" रबर बदललं, चाळीस पौंड भरले, दोरी ओढली. दहा मिनिटांत बिघाड सापडला, दुरुस्त झाला आणि रॉकेट उडालं, सगळं त्याच्या हाताने. मग त्याने पाणी कमी करून बघितलं, वाढवून बघितलं, नुसत्या हवेवरही उडवलं. एक तृतीयांशाच्या आसपास पाणी सगळ्यात चांगलं, हे त्याला कुणी शिकवलं नाही. मोटर एकदाच जळते. सव्वा लिटरची बाटली दिवसभर उडते.

कायद्याचंही बघा. मोटरमधली काळी दारू आपल्याकडे १८८४च्या स्फोटक कायद्याखाली येते, आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाने ती विमानाच्या बॅगेत आणायची नसते. मेमधल्या वाळल्या गवतावर ठिणगी पडण्याची भीती वेगळीच. आणि मोटर मिळाली नाही म्हणून फटाक्यांची दारू काढून किंवा साखर-सोरा शिजवून घरी इंधन बनवायचं, हे कोणीही, कोणत्याही कारणाने करू नये.

तुमच्याकडे आठवी-नववीची मोजकी मुलं असतील, रीतसर परवानगी असेल आणि अनुभवी माणूस सोबत असेल, तर एक दिवस मोटरचं प्रात्यक्षिक जरूर ठेवा. पॅराशूटचं काम त्यात जसं समजतं तसं बाटलीत क्वचितच जमतं. पण पाचवी-सहावीची तीस-चाळीस मुलं असतील तर मी पाण्याकडेच जाईन. आज अमेरिकेत असतो तरी तेच केलं असतं.

बाटल्या मात्र आत्तापासून जमवा. कोल्ड्रिंकच्याच घ्या. साध्या पाण्याच्या बाटल्या पातळ असतात, त्या दाबाला चालत नाहीत. चरा किंवा घडी पडलेली सरळ बाजूला काढा. पंख गरम ग्लूने चिकटवू नका, बाटली मऊ पडते. चिकटपट्टी पुरते. दाब दाखवणारा काटा असलेला पंप एक जास्तीचा ठेवा, आणि दोरी निदान पाच-सहा मीटरची, म्हणजे ओढणाराही लांब राहतो.