शाळेतली टेक्निकल बॅच : स्टार्टर उघडायला मिळाला, वेल्डिंगचा होल्डर नाही

चोपडा तालुक्यातल्या एका हायस्कूलला माझी पोरगी नववीत आहे, तिथे आठवड्यातला एक दिवस मल्टिस्किलचा, म्हणजे हाताने कामं शिकवणाऱ्या विषयाचा असतो. शाळेचं नाव टाकत नाही, थोडं वाईटपण लिहायचंय आणि सर लोक बाजारात भेटतात. गावात याला सगळे अजून टेक्निकलच म्हणतात. मूळ कल्पना पाबळच्या विज्ञान आश्रमाची, डॉ. कलबागांनी हिंदुस्थान लिव्हरची नोकरी सोडून 1983 ला तो काढला, म्हणून यात वर्कशॉपसोबत वीज, शेती आणि घर-आरोग्य पण येतं.

विजेचे सर एक नंबर. आधी टेस्ट लॅम्प बनवून घेतला, मग जिन्याची टू-वे वायरिंग, आणि मग थेट मोटारीचा जुना स्टार्टर टेबलावर ठेवून सांगितलं की खोला. नो व्होल्ट कॉइल (लाइट गेली की स्टार्टर सोडणारी) कुठली, ओव्हरलोड रिले (मोटार जास्त करंट ओढायला लागली की ती ट्रिप म्हणजे बंद करणारा) कशासाठी, लाइट जाऊन आली की मोटार आपोआप का सुरू होत नाही, हे पोरांनी स्वतः स्क्रू काढून पाहिलं. त्याचा फायदा आमच्या विहिरीवर झाला. मोटार पाच एचपीची, नेमप्लेटवर साडेसात अँपिअर, आणि रिलेची खुंटी कोणीतरी चौदावर फिरवून ठेवलेली, सारखी ट्रिप होते म्हणून! पोरगी म्हणे पप्पा असं ठेवलं तर एक फेज गेली तरी हा ट्रिप होणार नाही, वाइंडिंगच जळेल. मेन स्विच पाडून, किटकॅट म्हणजे फ्यूज काढून, टेस्टर लावून बघितल्याशिवाय मला पण हात लावू देईना. आमच्याकडे निम्म्या विहिरींवर हाच प्रकार आहे आणि रिवाइंडिंगवाल्यांची चांदी.

शेतीचं पण चांगलंय, शाळेच्या मागे थोडी केळी आहे तिथे पोरं लॅटरलला (ठिबकच्या बारीक नळीला) भोक पाडून ड्रिपर बसवतात, फिल्टरची जाळी धुतात. घर-आरोग्यात हिमोग्लोबिन तपासायला शिकवलं, वर्गातल्या बऱ्याच पोरींचं कमी निघालं, मग मॅडमनी पालकांना बोलावून सांगितलं, हे मला फार आवडलं.

आता वेल्डिंग. वर्गात साठ पोरं, मशीन एक आणि रॉड मोजून देतात. त्यामुळे सर स्वतः दोन टाके मारून दाखवतात, पोरं काच धरून लांबून बघतात आणि वहीत चित्र काढतात. अहो रॉड चिकटला पाहिजे, चुकीचा टाका ग्राइंडरने काढून परत मारला पाहिजे, तेव्हा हात बसतो. पोरींना तर स्लॅग (टाक्यावरची जळकी खपली) ठोकायचंच काम. विचारलं तर म्हणे कपड्यावर ठिणगी उडाली तर पालक भांडायला येतात. मग ॲप्रन आणि हातमोजे घ्या ना, मटेरियलचे म्हणून पैसे घेताच की वर्षाला! पालक मीटिंगमध्ये हे बोललो तर मागून एक आप्पा म्हणाले, "पोरले वेल्डिंग शिकाडीसन काय करशी तू?" सगळे हसले आणि विषय तिथेच बारगळला. आणि परीक्षा जवळ आली की पहिला बळी याच तासाचा जातो, त्या जागी गणिताची जादा शिकवणी.

तरी पाचपैकी साडेतीन देईन, त्यातले तीन विजेच्या सरांचे. दहावीला टेक्निकल विषय असला की पॉलिटेक्निकच्या ॲडमिशनला वेगळ्या जागा असतात, तेवढ्यासाठी घालणारे पण खूप आहेत, त्यांना बाकी काही फरक पडत नाही. पण पोराला खरंच हाताने काही करायचं असेल तर ॲडमिशन घेण्याआधी वर्कशॉपमध्ये जाऊन भंगाराचा डबा बघा. जळालेल्या रॉडचे तुकडे, वाकडी कापलेली पट्टी, फसलेले जॉइंट पडलेले दिसले तर बिनधास्त घाला. आमच्या शाळेतला डबा अगदी स्वच्छ आहे.